बिनशेती भूखंड आणि पाण्याची वाट

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांच्या शिवेवरील शेते बिनशेती होऊन तेथे नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या, की खरेदीदार सातबारा आणि रस्त्याची रुंदी बारकाईने तपासतो. परंतु घरचे सांडपाणी जाणार कोठे, हा प्रश्न बहुधा पहिल्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या मनास शिवत नाही.

दरमाणशी दररोज 135 लिटर पाणी धरले, तर त्यातील सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, आणि ते वाहून नेणाऱ्या नळाला असा उतार लागतो, की प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर राहावा. अन्यथा गाळ तळाशी बसून चेंबरे तुंबतात. भुयारी गटार जेथे पोहोचलेली नाही, तेथे सेप्टिक टाकी व शोषखड्ड्याची तजवीज होते. पण तापीकाठची जी काळी जमीन कापसाला वरदान ठरते, तीच पाणी मुरवून घेण्यात मोठी कृपण, हे भूखंड पाडणारे सोयीस्कर विसरतात.

पावसाच्या पाण्यास स्वतंत्र नाली हवी. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांस पर्जन्यजलसंचयाचे बंधन घातले आहे. नैसर्गिक ओहोळ बुजवणे तर निव्वळ अविचार. पाणी वस्तीत शिरले की काय होते, हे या भागाने पाहिले आहे: 2018 च्या ऑगस्टात रंगावली नदीचा पूर नवापुरात शिरला होता.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी मंजूर अभिन्यासाचा नकाशा मागून घ्या, आणि गटारीचे शेवटचे टोक कोठे सोडले आहे, ते जागेवर जाऊन पाहा.