उपग्रहातील बुद्धी आणि किरणोत्सार
(मंडळाच्या व्याख्यानातील अंश)



सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा ‘फाय-सॅट-१’ हा छोटा उपग्रह झेपावला. ढगांनी झाकलेली छायाचित्रे स्वतःच ओळखून गाळायची आणि कामाची तेवढीच पृथ्वीवर पाठवायची, हे त्याचे काम. त्यासाठी त्यात इंटेलची ‘मिरियाड-२’ ही चिप होती. ती मुळात अवकाशासाठी बनवलेली नव्हती. म्हणून २०१८ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत वेगवान जड कणांचा मारा करून ती पारखली गेली.

एवढी काळजी कशासाठी? अवकाशातील एखादा कण चिपवर आदळला, की स्मृतीतील ० चा १ होऊ शकतो. चिप चालूच राहते, पण निर्णय चुकतो. पुराचे छायाचित्र ‘ढग’ समजून टाकून दिले, तर ते आपल्याला कळणारही नाही!

यावरचा एक जुना उपाय म्हणजे तोच हिशेब तीन ठिकाणी करायचा आणि ज्या दोघांचे उत्तर जुळेल ते खरे मानायचे. त्यात वीज जास्त लागते, वजनही वाढते. तरीही मला वाटते, यंत्रावर निर्णय सोपवायचा असेल तर त्याची चूक पकडण्याची सोय आधी हवी.

गणपती बाप्पा मोरया!