समुपदेशनाची पदवी आणि नोकरी करणारा विद्यार्थी

(यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



नोकरी सांभाळून समुपदेशन मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येईल काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर पोचले. राज्य शासनाने 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी जे दोन जिल्हे निवडले, त्यांपैकी एक आपला होता. नापिकी आणि कर्ज यांवरील उपाय वेगळे आहेत, ते झालेच पाहिजेत. परंतु ज्या घरात माणूस अबोल झाला आहे, त्या घरापर्यंत जाणारी, ऐकून घेणारी आणि योग्य वेळी डॉक्टरांकडे नेणारी व्यक्तीही हवी.

अशा व्यक्तीचा उपयोग होतो, हे शेजारच्या अमरावती व वर्धा जिल्ह्यांत दिसून आले आहे. तेथील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची साखळी होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. यातील प्रत्येकाजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. मात्र प्रत्येकाला प्रशिक्षण मिळाले होते आणि प्रत्येकाच्या कामावर जाणत्याची देखरेख होती.

बदललेला नियम

आता पदवीविषयी. 16 तालुक्यांच्या या जिल्ह्यात उमरखेडच्या शिक्षकाला यवतमाळ गाठावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास. त्यामुळे घरी पुस्तके वाचून आणि सुटीच्या दिवशी केंद्रावर जाऊन शिकण्याची सोय अनेकांना आधार वाटत असे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील एम.ए. मध्ये समुपदेशनाची विशेष शाखा होती. प्रात्यक्षिके, प्रकल्प व प्रत्यक्ष कार्यानुभव यांचाही त्यात समावेश असे.

तथापि 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महत्त्वाचा निर्णय घेतला. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, 2021 च्या कक्षेतील अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्रही येते, जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविता येणार नाहीत, असे त्याने ठरविले. अनेकांची यामुळे निराशा झाली असेल. पण त्यामागील विचार समजून घ्यावयास हवा. समुपदेशन हे वाचून येणारे ज्ञान नव्हे. समोरचा माणूस रडू लागला असता गप्प कसे राहावे, आत्महत्येचा विचार मनात येतो काय हे सरळ कसे विचारावे, हे अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली, चुका दुरुस्त करीत शिकावे लागते.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी. पहिली, जाहिरातीत ‘अर्धवेळ’ वा ‘संमिश्र’ असे शब्द असले तरी मान्यतेच्या कागदावर कोणती पद्धत लिहिली आहे? दुसरी, प्रात्यक्षिकाचे तास किती, ते कोठे व कोणाच्या देखरेखीखाली होणार? तिसरी, या पदवीने कोणते काम करण्याचा अधिकार मिळतो? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशनाची एम.ए. पदवी तिची जागा घेऊ शकत नाही. ही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. ती आपणास लागू होते किंवा कसे, याची आपल्या कार्यालयाकडे चौकशी करावी.

नियम कडक झाला, हे योग्यच. परंतु त्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर पडू नये. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची योजना देशात 1996 पासून आहे. प्रत्यक्ष उपस्थितीचे वर्ग शनिवार-रविवारी आणि देखरेखीखालील प्रात्यक्षिके जिल्ह्यातच, अशी सोय विद्यापीठ व आरोग्य विभाग यांनी मिळून केली, तर झरी जामणीची शिक्षिकाही नोकरी न सोडता शिकू शकेल. पंचायत समित्यांनी व जिल्हा परिषदेने अशी मागणी ठरावाद्वारे अवश्य करावी.

आज करता येण्याजोगे

पदवीची वाट पाहत थांबण्याचे मात्र कारण नाही. ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट चावडीवर जाता कामा नये. मात्र जिवाला धोका दिसला, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता घरच्या माणसांना व आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.

आपल्यापैकी काहींनी रीतसर शिक्षण घेऊन समुपदेशक व्हावे; उरलेल्यांनी ऐकणारे शेजारी व्हावे. जिल्ह्याला दोहोंची गरज आहे.