एका तिरप्या रेघेची गोष्ट



संगणकातल्या प्रत्येक फाइलीला पत्ता असतो. ती कोणत्या कप्प्यात आहे, हे तो सांगतो. आणि कप्प्याचे नाव व फाइलीचे नाव यांच्यामध्ये एक तिरपी रेघ असते. आज बोलायचे आहे ते एवढ्याशा रेघेविषयी. हसू नका, हिने आम्हांला चांगलेच पोळले आहे.

एका वाचनालयासाठी आम्ही पायथन भाषेत देवघेवीच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला. ‘नोंदी’ हे कप्प्याचे नाव, पुढे उलटी तिरपी रेघ, पुढे महिना, असा पत्ता आम्ही हातानेच जोडला होता. विंडोजवर सारे सुरळीत चालले. पुढे तोच प्रोग्राम लिनक्सच्या यंत्रावर नेला. त्याने काहीच तक्रार केली नाही, आणि घात झाला तो तिथेच! लिनक्सच्या लेखी उलटी रेघ म्हणजे नावातले आणखी एक अक्षर. तेव्हा फाइली कप्प्यात न जाता, पोटात रेघ घेऊन बाहेरच साचत राहिल्या. रोज रात्री जपून ठेवण्यासाठी प्रत निघे ती ‘नोंदी’ कप्प्याची, तो रिकामा! यंत्र बिघडते, तर तीन महिन्यांच्या नोंदी बुडाल्या असत्या.

रेघा दोन का? युनिक्सने १९७० च्या सुमारास सुलटी रेघ घेतली. एम.एस. डॉसमध्ये कप्पे आले १९८३ साली. तोवर तिथे सुलटी रेघ आज्ञांना सूचना जोडण्याच्या कामी गुंतली होती, म्हणून कप्प्यांच्या वाट्याला उलटी आली. वाटणी आजोबांची, निस्तरायची नातवंडांनी.

वास्तविक पायथनमध्ये ओएस.पाथ.जॉइन हे तयार फंक्शन पूर्वीपासून आहे. २०१४ साली ३.४ या आवृत्तीबरोबर पाथलिबही आले. आपण नुसती नावे द्यावीत; रेघ कोणती, हे यंत्र पाहून तेच ठरवतात. पाथलिबात तर भागाकाराचे चिन्ह नावे जोडते! गणिताच्या मास्तरांना हे रुचणार नाही. आम्हांला फार आवडले.

मात्र जॉइनला दिलेले पुढचे नाव सुलट्या रेघेनेच सुरू होत असेल, तर ते त्याला मुळापासूनचा पत्ता समजते आणि आधीचे सारे टाकून देते. कोणी टाइप केलेले नाव न तपासता त्याच्या हाती दिले, की फाइल भलत्याच घरी जाते. माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे. आम्ही ती वाचली, पण उशिरा.

बाहेर साचलेल्या फाइली शेवटी कप्प्यात नेल्या. त्यांची नावे उलट्या रेघेवर तोडून दिली ती पाथलिबातल्याच प्युअरविंडोजपाथने, आणि तीही लिनक्सच्या यंत्रावर.