यंत्राची चौकट आणि डॉक्टरांची नजर



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. पण दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आता रोगसुद्धा यंत्रच ओळखणार, मग आम्ही डॉक्टरी शिकायची कशाला?” त्याला दिलेले उत्तर आपल्यापुढे ठेवतो.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या अस्तरावर कधी कधी कोंबासारखी मांसल वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. त्यांतील अडेनोमा जातीच्या काही गाठी पुष्कळ वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात. डॉक्टर दुर्बिणीच्या नळीने आतडे तपासतात आणि अशी गाठ दिसली तर बहुधा त्याच वेळी काढून टाकतात. (शौचावाटे रक्त जात असता मूळव्याध समजून लाजेने गप्प बसणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी डॉक्टरांना दाखवावे.) मात्र चपटी, अस्तराच्याच रंगाची गाठ नजरेतून निसटू शकते.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. असंख्य चित्रांवरून शिकवलेला संगणक संशयित जागेभोवती पडद्यावर चौकट काढतो. चीनमधील चेंगडू येथे १०५८ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीत शंभरातील सुमारे २० जणांत अडेनोमा सापडला. यंत्राच्या साहाय्याने २९ जणांत. जादा सापडलेल्या गाठी बहुतांशी बारीक होत्या, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आतडे नीट साफ नसेल, किंवा एखादी घडी कॅमेऱ्यापुढे आलीच नाही, तर यंत्रही आंधळेच.

आता पोलंडची हकीकत ऐका. तेथील चार केंद्रांत २०२१ च्या अखेरीस हे यंत्र आले. डॉक्टर अनुभवी होते. यंत्राविना केलेल्या त्यांच्या तपासण्यांत अडेनोमा सापडण्याचे प्रमाण पूर्वी शेकडा २८.४ होते, यंत्राची सवय झाल्यावर, यंत्राविनाच, ते २२.४ झाले. २०२५ साली हे प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून कारण पक्के ठरत नाही. पण गाईड उघडे ठेवून गणिते सोडवणारा मुलगा परीक्षेत कसा अडतो, ते मी दरवर्षी पाहतो. फरक इतकाच, की डॉक्टरांची नजर चुकली तर भोगतो रुग्ण.

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा तोच मुलगा म्हणाला, “मग यंत्र बंद करायचे?” मी चेंगडूच्या आकड्यांकडे बोट दाखवले. थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “सर, मग आधी कोणी बघायचे, डॉक्टरांनी की यंत्राने?”

त्याला मी म्हटले, “हे तू डॉक्टर होऊन मला सांग.”