महाडचे पाणी आणि शाळेचा नळ



सावित्री-गांधारीच्या काठच्या या महाड नगरीत परिषदेला आलेल्या आपणा सर्व शिक्षकांचे आणि आरोग्यसेविकांचे मी स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करतो. शाळांतील पिण्याच्या पाण्याचा विचार करायला आपण आमचे गाव निवडलेत, याचा आम्हा महाडकरांना फार अभिमान वाटतो.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्यामागे उभ्या राहिलेल्या आमच्या सुरबानानांचे, म्हणजे सुरेंद्रनाथ टिपणिसांचे नाव मात्र आज सांगावे लागते. 1923 साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. पुढच्याच वर्षी, सुरबानाना अध्यक्ष असताना, महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला. गावात राहून, गावाचा रोष पत्करून हे करायला छाती लागते. तरीही ठराव कागदावरच राहिला. 1927 च्या महाड परिषदेत आलेल्या प्रतिनिधींना पाजायला तिच्या स्वागत समितीला 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! आज त्याच गावात मी स्वागताध्यक्ष म्हणून उभा आहे, तेव्हा हा आकडा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल तळ्यावरच्या हक्काच्या बाजूने लागला.

साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसला की पाणी नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या परिषदेचा विषय मला तिथूनच सुरू झालेला दिसतो. आज नळ सर्वांचा आहे. पण टाकीचे झाकण उघडून आत डोकावा: तळाशी गाळ, कडेला शेवाळ. पिंपावर ओगराळे नसते, मग मुले ग्लास धरलेला हात मनगटापर्यंत आत बुडवतात. जुलाब, कावीळ, जंत तिथूनच घरी जातात. पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकली की नाही, हे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच पिवळ्या रंगावरून कळते. सातवीतली मुलगीसुद्धा ही तपासणी करू शकते. जुलै 2021 च्या महापुरात गावभर पाणी होते आणि प्यायला घोट नव्हता, म्हणून आम्हाला हे अधिक पटते.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. चवदार तळ्यावरच्या 20 मार्चच्या अफाट गर्दीनंतर लगेच परिषद आल्याने निवासाची सोय शाळेच्या वर्गांतच करावी लागली. पंखे कमी आहेत, उकाडा आहे, स्नानगृहांपाशी रांग लागेल. जेवणाला उशीर झाला तर कृपया राग मानू नये. मंडपासाठी, धान्यासाठी हात सैल सोडणारे बाजारपेठेतील व्यापारी, वाहने देणारे उद्योजक, रात्रभर राबलेले शिक्षक, पोळ्या लाटणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, सफाई कामगार आणि आपली नावे सांगू नका म्हणणारे देणगीदार या सर्वांचे ऋण मी मानतो. पिण्याचे पाणी मात्र आज सकाळी तपासूनच पिंपांत भरले आहे, ते निःशंकपणे प्यावे.

उद्या परत गेल्यावर आपल्या शाळेची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवरच रंगवून घ्या, एवढीच माझी विनंती. जय हिंद, जय महाराष्ट्र, जय भीम.