चारच गोळ्या द्या





आमच्या शेलार गावात येताना रस्त्याच्या कडेची गोदामं आपण पाहिली असतील. भिवंडीच्या या पट्ट्यात औषध कंपन्यांचेही डेपो आहेत. खोकी भरभरून टेम्पो निघतात. आणि इथेच मेडिकलच्या काउंटरवर रातपाळी उतरलेला माणूस म्हणतो, "पगार शनिवारी आहे, चारच गोळ्या द्या." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. गोळी रक्तदाबाची, रोजची. बुधवारी संपते. पुढचे दिवस तो गोळीविना माग चालवतो. हे मी कित्येकदा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो.

तीच गोळी औषधाच्या मूळ नावाने घेतली तर स्वस्तात मिळू शकते. पण चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की दुकानदाराला तो बदलून देण्याची कायद्याने मुभा नाही.

औषधाची किंमत माणसंच ठरवतात, म्हणून माणसंच ती खाली आणू शकतात. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच संरक्षण दिलं आणि आपले कारखाने उभे राहिले. एड्सच्या ज्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त पडत, तो २००१ साली मुंबईच्या सिप्लाने साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतल्या गरिबाला त्यातून वाट मिळाली.

२००५ साली औषधावरचं पेटंट परत आलं. तरीही मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले लढल्या. क्षयाच्या उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेली होती. बेडाक्विलिन ही गोळी त्या जुन्या, कान घालवणाऱ्या इंजेक्शनांपासून सुटका करते. तिच्यावरची मक्तेदारी लांबवणाऱ्या अर्जाला दोघींनी हरकत घेतली, आणि मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण सरकारला ती विकतच घ्यावी लागतात. कोंदट खोल्यांत दाटीने राहणाऱ्या आमच्या कामगारांसाठी हा निकाल दूरचा नाही.

मंडपाबाहेरच्या टेबलावर गावातल्या आयाबहिणींनी आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या मांडल्या आहेत. नावं झाकली आहेत. डॉक्टरमंडळींना हात जोडून विनंती आहे, चहा घेता घेता प्रत्येक ब्रँडखाली औषधाचं मूळ नाव लिहून द्या. पेनं तिथेच ठेवली आहेत.