फाइल वाचणारी नर्स

आमच्या बचत गटांच्या बैठकीत पासबुकांबरोबर हल्ली दवाखान्याच्या कागदांची पिशवीही येते. गटातून उचललेलं कर्ज किती वेळा आजारपणातच जातं, हे तुम्हाला सांगायला नको. उपचारात काही चुकलं अशी शंका आली, की आम्ही वकिलाकडे जातो. पण तापाचा तक्ता, सलाईनची नोंद, कोपऱ्यातली घाईची सही, हे त्यांनाही वाचता येतंच असं नाही.

अमेरिकेत यासाठी खास नर्स असते. तिला 'लीगल नर्स कन्सल्टंट' म्हणतात. आपण कोर्टकामाची सल्लागार नर्स म्हणू. 1989 साली तिथे या नर्सेसची राष्ट्रीय संघटनाही झाली. ही बाई वकील नसते आणि कायद्याचा सल्ला देत नाही. तिचं काम फाइल वाचण्याचं.

समजा, बाळंतपणानंतर एखादीला रक्तस्राव झाला. रात्री दोनला नर्सने लिहिलं, बीपी 80/50. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना फोन. पुढची नोंद थेट चारची. वकिलाला फाइलमध्ये 'रक्तस्राव' एवढाच शब्द दिसतो. सल्लागार नर्सला मधले दोन तास दिसतात. अशा बाईचा बीपी पुन्हा पुन्हा बघायचा असतो, हे तिने वॉर्डात हाताने केलेलं असतं. रक्त कधी मागवलं, कधी चढवलं, लघवी किती झाली, कुठलं पान गायब आहे, हे सगळं ती तारीखवार, वेळेनुसार मांडून देते. कधी साक्षही देते, ती नर्सिंगच्या कामाबद्दल.

ती रुग्णाच्याच बाजूची असते असं मात्र नाही. हॉस्पिटल आणि विमा कंपन्याही तिला कामाला घेतात. आणि सगळं वेळेवर केलं होतं, तरी बाई वाचली नाही, असं दिसलं तर ती वकिलाला तेही सांगते. आम्हाला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. निदान वर्षानुवर्षं कोर्टाचे खेटे तरी वाचतात.

हे शिकायचं कसं? आधी नोंदणीकृत नर्स व्हायचं आणि वॉर्डात मुरायचं. त्या संघटनेच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला नर्स म्हणून किमान 5 वर्षांचा अनुभव आणि या कामाचे 2000 तास लागतात. प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण वॉर्ड न बघता नुसता कोर्स करून हे येणार नाही, असं आमचं मत.

आपल्याकडे असं वेगळं पद अजून रुळलेलं नाही. मात्र 2021 च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात न्यायवैद्यक नर्सिंग आणि भारतीय कायदे हा विषय आला आहे. गटातल्या ज्या ताईंच्या मुली नर्सिंगला आहेत, त्यांनी त्यांना हा विषय नुसता पास होण्यापुरता वाचू नका, असं जरूर सांगावं.

तोपर्यंत आपल्या हातात काय? फाइल. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण फाइल नव्हे, नर्सच्या नोंदी आणि औषधांचे तक्ते त्यात नसतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. आमच्या एका मावशींना "साहेब नाहीत" म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी त्या लेखी अर्ज घेऊन गेल्या, पोचेवर शिक्का मागितला, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात आल्या. उशीर करू नका. त्याच नियमात कागद जपून ठेवण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारण 2 वर्षांच्या आत करावी लागते.

कागद मिळाले की ओळखीच्या अनुभवी सिस्टरांसमोर बसा आणि तासागणिक काय घडलं ते वहीत उतरवा. मग वकिलाकडे जा. अर्जाचा नमुना आम्ही मराठीत तयार ठेवला आहे, गटाच्या बैठकीला याल तेव्हा मागून घ्या.